बेल्ट उतरला, चेन चढली

[वाळूज एमआयडीसी. अर्धवट उघडं शटर, आत स्टँडवर गाडी]

हा मोटरसायकलचा बेल्ट बघा, इंजिनची ताकद मागच्या चाकाला देणारा. मधोमध आरपार भोक, ज्वारीच्या दाण्याएवढं. गाडी गेवराईकडची. डांबरी सोडली की वस्तीपर्यंत मुरमाचा रस्ता. एक खडा बेल्ट आणि पुलीच्या मध्ये सापडला आणि आतले तंतू तुटले. शहरात बेल्टसारखं सुख नाही. तेल नको, खडखड नको, पँटला डाग नाही. पण बेल्ट अखंड असतो. तुटला की कापून जोडता येत नाही. चेनची कडी बदलता येते. मालकाने चेन मागितली ती एवढ्यासाठीच.

[उजवी बाजू, कव्हर निघालेलं]

हार्ले-डेव्हिडसनची आयर्न 883. बोल्ट बहुतेक इंचातले, त्यामुळे रोजचे पाने बाजूला. पुढच्या पुलीच्या नटावर पोरगा पाईप लावून लोंबकळतोय. मागून शेडवाल्या काकांचा आवाज येतो, "आटे उलटे हायेत गा. उजवीकडं फिरव." फिरवला, आणि नट सुटला.

आता दात मोजू. पुढे 28, मागे 68. म्हणजे मागचं चाक एकदा फिरायला पुढची पुली जवळपास 2.43 वेळा फिरते. हे गुणोत्तर राखायचंच, कारण या गाडीचा स्पीडोमीटर गिअरबॉक्समधून वेग मोजतो. गुणोत्तर बदललं की काटा खोटं बोलणार. काकांनी खडूने फरशीवर हिशेब मांडला. चेनसाठी पुढे 21 दात, मागे 51. तेच 2.43.

[लेथ. ठिणग्या नाहीत, फक्त निळसर किस]

इथे जरा थांबू. 1985 मध्ये बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला सुरू झाला. त्याच्या मागे सुट्या भागांचे कारखाने आले आणि त्यांच्या मागे अशी शेडं. कारखान्यांवर खूप बोललं जातं, शेडांकडे कॅमेरा क्वचितच वळतो. म्हणून हा भाग आम्ही कापला नाही.

चेन 530 ची. एका पिनेपासून दुसऱ्या पिनेपर्यंत 15.875 मिलिमीटर. त्या मापाने 51 दातांच्या मागच्या स्प्रॉकेटचं, म्हणजे चेनच्या दातेरी चक्राचं, पिच वर्तुळ (चेनच्या पिना ज्यावरून फिरतात ते) सुमारे 258 मिलिमीटर व्यासाचं येतं. प्लेट लेथवर खरडली, पुलीचीच पाच भोकं तिच्यावर उतरवली. पुढच्या स्प्रॉकेटच्या आतल्या खाचा शेजारच्या शेडमध्ये वायरकटवर, म्हणजे विजेच्या तारेने धातू कापणाऱ्या मशीनवर. मग दातांना हार्डनिंग. काका व्हर्निअर लावतात, चष्मा कपाळावर, माप मोठ्याने वाचत नाहीत.

[वरून घेतलेलं दृश्य: दोन स्प्रॉकेटांवर सरळ पट्टी]

खरी कसोटी इथे आहे. पुढचं आणि मागचं स्प्रॉकेट एका रेषेत हवं, नाहीतर चेन एका अंगाने दात खाते. पट्टी मागे टेकली, पुढे फट राहिली. स्पेसर, म्हणजे अंतर राखणारी चकती, पुन्हा लेथवर. पुन्हा बसवला, पुन्हा पट्टी. कितव्यांदा ते आम्ही मोजलं नाही, काकांनीही नाही. बाजारात तयार कीट मिळतं, पण ते खोक्यातून येतं, त्यात हे काहीच नसतं.

[चेन चढते. निवेदन थांबतं, फक्त शेडमधला आवाज]

मालकाला गाडीवर बसवून चेनचा ढिलेपणा बघितला. बोटाने वर-खाली साधारण इंचभर. त्याहून कसली तर स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा हलता दांडा) दबल्यावर चेन ताणली जाऊन बेअरिंग ओरडतं.

यापुढे आवाज वाढेल, दर काही शे किलोमीटरला चेन साफ करून लूब मारायचं, चिखलात लवकर. मोटार वाहन कायद्याचं गाडीतल्या बदलांबद्दलचं कलम 52 आणि विमा हे दोन प्रश्न आहेतच, ते आरटीओत विचारून घ्यायचे.

[पैठण रोड, हँडलला लावलेला फोन]

जीपीएस आणि स्पीडोमीटर शेजारी-शेजारी. बेल्ट होता तेव्हा दोघांत जेवढा फरक होता, आजही तेवढाच आहे.