गाळाचा माग डोंगरावर

श्रोतेहो, नमस्कार.

दरवर्षी पावसाळ्याआधी मुंबईतल्या नाल्यांचा आणि नद्यांचा गाळ उपसला जातो. तो वरून कुठून येतो, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. त्याचा माग काढायला जमिनीच्या उंचीचा हिशेब कामी येतो.

ज्या भागावरचं पावसाचं पाणी एका नदीत उतरतं, ते तिचं पाणलोट क्षेत्र. त्यातली किती जमीन किती उंचीवर आहे, यावरून झिजेचा अंदाज बांधायची रीत अमेरिकी शास्त्रज्ञ आर्थर स्ट्रालर यांनी १९५२ साली मांडली. हिशेब सोपा आहे. समजा, पाणलोटाचा तळ ० मीटरवर, माथा ४५० मीटरवर आणि सरासरी उंची ९० मीटर आहे. ९० ला ४५० नं भागलं की उत्तर येतं ०.२. हा आकडा ०.६ च्या वर असेल, तर बरीच जमीन अजून उंचावर आहे, झिजायला पुष्कळ शिल्लक आहे. ०.३५ च्या खाली असेल, तर बरीचशी झीज होऊन गेलेली आहे.

पण यातून झिजेचा वेग कळत नाही. माथेरान बघा. माथा सपाट, वर जांभ्याचं टणक टोपण. त्यामुळे तो अजून उंच टिकून आहे आणि झीज होते ती कड्यांच्या बाजूनं.

मिठी नदीचं तर वेगळंच. विहार-पवईच्या बाजूनं निघून ती माहीमच्या खाडीला मिळते. खालची बरीच जमीन सखल, त्यात भराव घातलेला. सबंध पाणलोटाचा एकच आकडा काढला, तर या सपाटीत वरचे उघडे उतार झाकले जातात. शिवाय उपग्रहावरून किंवा अंतराळयानातून मोजलेल्या उंचीत इमारतींची छपरं आणि झाडांचे शेंडेही मिसळतात. दाट वस्तीत ही चूक लहान नसते.

म्हणून माझा आग्रह आहे, की हा हिशेब ओढ्या-ओढ्यागणिक वेगळा करावा. इस्रोच्या 'भुवन' संकेतस्थळावर उंचीची माहिती मोफत मिळते. भूगोलाचे विद्यार्थीसुद्धा हे काम करू शकतात. जिथे आकडा मोठा, उतार तीव्र आणि झाडोरा तुटलेला, त्या ओढ्याच्या माथ्यावर जूनआधी जाऊन यावं. घळी पडल्यात का, कुठे माती उघडी पडली आहे, हे पाहावं आणि बांधबंदिस्तीला तिथूनच हात घालावा.