चेंडू आधी थांबू दे

(सांगलीत विश्रामबागेत बालवाडी-अंगणवाडीच्या ताई आणि पालक यांच्यासमोर झालेलं व्याख्यान. बोलण्याचा बाज तसाच ठेवून थोडं संपादन केलं आहे.)

बाहेर फलक लावलाय, 'छोट्यांचा टीबॉल'. तो वाचून मगाशी एक आजोबा आत आले आणि म्हणाले, "चहा कुठाय?" त्यांना बसवून घेतलंय, मागच्या रांगेत आहेत. चहा आहे आजोबा, पण शेवटी.

हा 'टी' म्हणजे एक खांब. मुलाच्या कमरेएवढा. त्याच्या डोक्यावर चेंडू ठेवायचा, मुलानं बॅटनं तो मारायचा आणि पळत सुटायचं. बेसबॉलमधून चेंडू फेकणारा गडी, म्हणजे पिचर, काढून टाकला की उरतो तो टीबॉल. अमेरिकेत चार ते सात वर्षांच्या मुलांना बेसबॉलची पहिली ओळख बहुधा अशीच होते. हा खेळ पहिल्यांदा कुणी काढला यावर तिकडच्या दोन-तीन गावांत वाद आहे, त्यात आपण पडायला नको. 2001 मध्ये तर तिथले राष्ट्राध्यक्ष, धाकटे बुश, यांनी व्हाइट हाउसच्या हिरवळीवर पोराटोरांचे टीबॉलचे सामने भरवायला सुरुवात केली होती.

पिचर का काढायचा? मोठ्यांच्या बेसबॉलमध्ये तो 60 फूट 6 इंचांवरून टाकतो. आपली क्रिकेटची खेळपट्टी 66 फुटांची, म्हणजे साधारण तेवढंच अंतर. ताशी 150 किलोमीटरनं निघालेला चेंडू बॅटरपाशी यायला अर्धा सेकंदही लागत नाही. तुम्ही म्हणाल, पोरांना कोण एवढ्या जोरात टाकतंय? बरोबर. आपण हळूच टाकतो, खालून. पण चार वर्षांच्या मुलाला तोही झपकन येतो. चेंडूवर नजर ठेवायची, तो कुठं येईल ते ताडायचं, हात कधी फिरवायचा ते ठरवायचं आणि मग फिरवायचा. चार कामं, एका दमात. त्या वयात डोळ्याची आणि हाताची एवढी गट्टी जमलेली नसते. मूल बॅट फिरवतं तेव्हा चेंडू मागं भिंतीपाशी जाऊन पडलेला असतो. असं पाच-सहा वेळा झालं की ते बॅट टाकून आईकडं जातं आणि आई आम्हाला सांगते, "याला खेळाची आवडच नाही हो."

टी या चार कामांतली तीन काढून घेतो. उरतं एकच, फिरवणं. आणि चेंडू लागला की जो आवाज येतो ना, 'टप्प', तो ऐकून मूल आधी बॅटकडं बघतं, मग चेंडूकडं, मग तुमच्याकडं. पळायचं विसरूनच जातं. माझ्या मते तिथंच खेळ सुरू झालेला असतो.

यात फार परकं काही नाही. विटीदांडू आठवा. खळग्यावर आडवी ठेवलेली विटी, गपगार. तिला आधी कोलायचं. उडती विटी हवेत टोलवणं, वकट-लेंड-मुंड मोजणं, हे सगळं नंतरचं. लगोरीतही नेम धरायचा तो रचलेल्या, उभ्या दगडांवर. थांबलेल्या वस्तूवर आधी हात बसवायचा, हे आपल्या गल्लीतल्या पोरांना कुणी व्याख्यान देऊन सांगितलं नव्हतं.

आता टी कसा करायचा. विकत मिळतो, पण घेऊ नका. माझा पहिला टी मी नळकामाच्या पाईपचा केला, बादलीत सिमेंट ओतून उभा केला. पहिल्याच दिवशी एका दांडगोबानं चेंडूऐवजी पाईप हाणला. पाईपला चीर गेली आणि त्याच्या हाताला अशा झिणझिण्या आल्या की तो पुढचे दोन रविवार आलाच नाही. चूक माझी. टीचं डोकं मऊ पाहिजे, कारण चारातले तीन फटके खांबालाच बसतात. मग एका गॅरेजवाल्यानं ट्रकच्या रेडिएटरचा जुना रबरी होज दिला, हातभर लांब. तो पाईपवर चढवला. आता कितीही हाणा, वाकतो आणि परत सरळ होतो. चेंडूही त्याच्या तोंडावर अंड्यासारखा बसतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीला आणि पुढं कोसबाडला बिया, शिंपले, पानं घेऊन बालवाडीची साधनं केली. आमच्याकडं गॅरेज जास्त आहेत, म्हणून होज.

चेंडू खरा वापरायचा नाही. बेसबॉलचा चेंडू 142 ते 149 ग्रॅमचा, कडक, कातडी. टेनिसचा साठ ग्रॅमच्याही आत. आम्ही त्याहून मऊ, जुन्या मोज्यांचा चेंडू करतो. आतला मोजा घट्ट गुंडाळायचा, वरचा उलटा करून शिवून टाकायचा. बॅट प्लास्टिकची, दोन फुटांच्या आतबाहेर.

पण ताई, खरं सांगू? या खेळात चेंडूची भीती नाहीच. भीती बॅटची आहे. मूल बॅट फिरवतं तेव्हा आजूबाजूला कोण आहे ते त्याला दिसत नाही, आणि आजूबाजूच्याला तर नेमकं तिथंच यायचं असतं. म्हणून टीभोवती चार मोठ्या पावलांचं रिंगण फक्कीनं आखायचं. आत एकच मूल, बाकी सगळी बाहेर. बॅटला हात लावायचा तो रिंगणात. यात माया दाखवायची नाही. मी बाकी सगळ्यात ढिली आहे, यात नाही.

दुसरी अडचण खास आपली. क्रिकेट. आपलं पोर रांगायला लागल्यापासून बघतं की मारायचं आणि बॅट हातात घेऊन पळायचं. इथं बॅट खाली टाकून पळायचं असतं. ते त्यांना पटतच नाही. एकानं मला विचारलं, "बाई, मग क्रीजमधी काय टेकवू?" त्याला काय उत्तर देणार? शेवटी स्कूटरचा जुना टायर टीशेजारी ठेवला. बॅट टायरात टाकली की मगच पळायचं. हा खेळातला खेळ त्यांना आवडला. काही जण तर चेंडू लागला नाही तरी बॅट टायरात टाकून पळतात. पळू द्यावं. आणि क्रिकेटचे सर ज्या आडव्या बॅटीवरून ओरडतात ना, तीच आडवी बॅट इथं हवी. ते ऐकून काही वडिलांचे चेहरे उतरतात.

पळायचं कुठं? बेसबॉलचं मैदान चौकोनी, कोपऱ्यावर उभं केल्यासारखं. चारी कोपऱ्यांवर पळत जाऊन टेकायच्या जागा, त्यांना म्हणायचं बेस. मोठ्यांत दोन बेसमधलं अंतर 90 फूट. मी माझी दहा पावलं धरते. पहिला बेस, दुसरा बेस असं सांगून बघितलं. मारलं की निम्मी पोरं उजवीकडं, निम्मी डावीकडं. एक थेट गेटकडं, कारण तिथं आजी उभी होती. मग बेसना नावं दिली: आजीचं घर, आत्याचं घर, मामाचं घर आणि शेवटी आपलं घर. पोत्याचे तुकडे रंगवले. त्या दिवसापासून कुणी रस्ता चुकलं नाही. फक्त एक भानगड झाली. एक साडेचार वर्षांची मुलगी मामाच्या घरावर जाऊन उभी राहिली ती हलेचना. मागून दुसरा आला, तिसरा आला, सगळे तिला ओलांडून गेले. मी म्हटलं, "अगं, आता आपल्या घरी ये की." म्हणाली, "न्हाई. सुट्टी हाय."

मे महिना होता. मी काय बोलणार?

नियम अगदी थोडे. बाद कुणीच होत नाही. एका बाजूची सगळी मुलं एकेकदा मारतात, मग बाजू बदलतात. शेवटच्या मुलानं मारलं की तो सगळी घरं करूनच परत येतो, म्हणजे शेवटच्या नंबरासाठीही भांडणं होतात. गुण आम्ही लिहीत नाही. मुलं आपापले मोजतात, दोन्ही बाजूंचे सतरा होतात.

क्षेत्ररक्षण म्हणाल तर ते बघायलाच यावं. चेंडू निघाला की आठही जण त्याच्यावर, मोहोळ उठल्यासारखे. ज्याला मिळतो तो पोटाशी धरून बसतो, टाकत नाही. उरलेला एखादा खाली बसून आपली काळी माती उकरत असतो, त्याला सामना चालू आहे हेच माहीत नसतं. त्याला उठवू नका. चेंडू त्याच्याजवळ आला की तो आपोआप उठतो. झेल शिकवायची घाई तर मुळीच नको. या वयाचं मूल चेंडू आला की तोंड फिरवतं, डोळे मिटतं, आणि ते शहाणपणच आहे. आधी जमिनीवरून घरंगळणारा चेंडू दोन हातांनी अडवू दे.

फेकण्यावर मात्र मी थोडी रेंगाळते. लहान मूल उजव्या हातानं फेकताना उजवाच पाय पुढं टाकतं. सगळं अंग एकाच बाजूला जातं आणि चेंडू पायापाशी पडतो. डाव्या पायाला लाल रिबन बांधते आणि म्हणते, "लाल पाय आधी." काहींना आठवड्यात जमतं, काहींना वर्ष लागतं. फेकण्यात किती दम असतो बघा. 2008 मध्ये उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोघे एका फेकण्याच्या स्पर्धेतून निवडले गेले आणि अमेरिकेच्या पिट्सबर्ग पायरेट्स संघानं त्यांच्याशी करार केला. दोघेही भालाफेकीतले. बेसबॉल त्याआधी खेळलेच नव्हते.

हे सांगितलं की पालकांचे डोळे चमकतात, म्हणून खरं तर सांगायला नको. लगेच प्रश्न येतो, "मॅडम, याला स्कोप आहे का?" दहावीला मार्क मिळतात का? सांगलीत तर त्याचं जास्तच. विजय हजारे 1915 मध्ये इथं जन्मले, स्मृती मानधना इथं वाढली, त्यामुळं प्रत्येक बापाला वाटतं की पाण्यातच काहीतरी आहे. 2028 ला लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये क्रिकेटही आहे आणि बेसबॉलही आहे. पण तुमचं पोर आज चार वर्षांचं आहे हो. त्याला आज नाकातला शेंबूड पुसायचा आहे.

माझी सगळ्यात मोठी चूक सांगते आणि थांबते. पहिल्या रविवारी सोळा मुलं आली आणि मी शाळेच्या सवयीनं रांग लावली. टी एक, बॅट एक. हिशेब करा. एकेकाला दोन मिनिटं धरली तरी शेवटच्याला अर्धा तास उभं राहायचं, एका फटक्यासाठी. सहाव्या मिनिटाला ढकलाढकली, दहाव्याला रडारड. बाराव्याला रांगेतल्या एकानं तिथंच चड्डी ओली केली. बिचारा नंबर जाईल म्हणून जागचा हलला नव्हता. मी वीस वर्षं शाळेत कवायत घेतलीय. त्या दिवशी घरी जाऊन जेवले नाही. पुढच्या रविवारी तीन टी केले. एकीकडं टीवर मारायचं, दुसरीकडं उभ्या डब्यांवर फेकायचं, तिसरीकडं नुसतं घराघरांतून पळायचं, आणि दर सात-आठ मिनिटांनी बदल. अर्धा-पाऊण तासात बस.

आणि कडेला उभ्या असलेल्यांसाठी एक विनंती. मूल टीपाशी उभं असतं, सगळं जमवत असतं, आणि मागून येतं, "अगं हाण की! काय बघालीस?" ती बघत असते म्हणूनच मारणार असते. तिला बघू द्या. तुम्ही हाक मारलीत की तिची मान तुमच्याकडं वळते आणि बॅट हवेत जाते. एका आईला मी पाण्याच्या बाटल्या भरायचं काम दिलं. मुलीचा चेंडू त्याच दिवशी आत्याच्या घरापर्यंत गेला.

बाकीचं बोलून कळणार नाही. बाहेर अंगणात तीन टी मांडलेत, होज चढवलेले, रिंगण आखलेलं. चहाआधी प्रत्येकानं एक तरी मारायचा. आजोबा, तुम्ही पहिले या. साडीवाल्या ताईंनी पदर खोचून घ्या. बॅट टायरात टाकून पळायचं, आणि कृपा करून रांग लावू नका.