ड्युकोचा हात

(पहाट. गच्ची. कॉम्प्रेसर सुरू होतो.)

पहाटेचे सव्वापाच. सोलापूर, अशोक चौकामागची एक गल्ली. एप्रिलमध्ये इथे गारवा म्हणता येईल अशी वेळ दिवसातून एवढीच.

कपडे वाळत घालायच्या तारेला आकड्यानं टांगलेलं जे दिसतंय, ते इलेक्ट्रिक गिटारचं धड आहे. मान नाही, तारा नाहीत, बटणं नाहीत. फरशीवर आणि कठड्यावर पाणी मारून ठेवलंय, धूळ बसावी म्हणून. खालच्या मजल्यावरचे यंत्रमाग आज बंद आहेत. मुद्दाम सुट्टीचा वार धरलाय. माग चालू असले की सुताचे बारीक तंतू जिन्यानं वरपर्यंत येतात, आणि ओला रंग नासवायला त्यातला एक पुरतो.

रंग फवारायची गन हातात धरलीय ती मामांनी. गल्लीत लहानथोर सगळे त्यांना मामाच म्हणतात. गेली ३५ वर्षं ते गाड्यांचे पत्रे रंगवतायत. गिटारला त्यांनी जन्मात हात लावलेला नव्हता.

त्यांचा हात बघा. गन सुरू होते ती गिटारच्या कडेबाहेर, आणि दुसरी कड ओलांडून पुढे गेल्यावरच बंद होते. मनगट वळत नाही, अख्खा हात सरकतो. अंतर एक वीत. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढतो.

हे दृश्य आम्ही सुरुवातीलाच ठेवलं, कारण आमच्याकडे याहून देखणं दुसरं काही नाही. आता तीन आठवडे मागे जाऊ.

(जुना फोटो. होम मैदान, रात्रीची रोषणाई.)

फोटोत उजवीकडून दुसरे, ते काका. दिवसा मागावर, रात्री ऑर्केस्ट्रात. गड्ड्याच्या जत्रेत, गणपतीत, लग्नसराईत ते हीच गिटार वाजवायचे. अक्कलकोट, बार्शी, मंगळवेढा, पंढरपूर, कार्यक्रम कुठेही असो, जाणं एसटीनं. ढोल-ताशे टपावर, गिटार मांडीवर. तिला खोळ नव्हती. ती चादरीत गुंडाळलेली असायची, आणि कुठल्या चादरीत, हे सोलापुरात वेगळं सांगायला नको.

मग कीबोर्डवाला एकटाच सगळी वाद्यं वाजवू लागला, त्याच्यामागून डीजे आला, आणि गिटार कपाटावर गेली. तिथे ती किती वर्षं पडून होती, याबद्दल घरात दोन मतं आहेत.

पुतण्यानं ती खाली काढली तेव्हा काळी होती. म्हणजे जिथे रंग उरला होता तिथे काळी. कडांचे टवके उडालेले, पाठीवर पट्ट्याच्या बकलानं ओढलेले चरे. ती रंगवायची हे त्यानं ठरवलं, आणि कोणता रंग द्यायचा तेही: एसटीचा लाल.

यावर मामा जे म्हणाले ते कॅमेऱ्यात आहे. "काय बे, गिटार करायलायस का बस करायलायस?"

(टेबल. स्क्रू, औषधाच्या रिकाम्या डब्या.)

खोलायचं काम पुतण्याचं. मान चार स्क्रूंवर असते, ती पाच मिनिटांत सुटली. पुढची प्लास्टिकची पाटी उचलली की पिकअप (तारांचा कंप टिपणारे चुंबक), बटणं, स्विच सगळं तिच्यासोबतच वर येतं. उरतात जॅककडे जाणाऱ्या दोन वायरी आणि पाठीमागच्या स्प्रिंगच्या पट्टीला डाग दिलेली एक अर्थिंगची. कोणती कुठली, हे त्यानं फोनवर फोटो काढून ठेवलं. त्याचा पुढे उपयोग झाला.

आता तो भाग, ज्याचं मूळ चित्रीकरण चार तासांचं आहे.

मामांनी आधी थिनरचा बोळा फिरवून पाहिला. काळा रंग ढिम्म. कारखान्यातून येणाऱ्या स्वस्त गिटारींवर बहुधा पॉलिएस्टरचा जाड थर असतो, आणि तो एकदा कडक झाला की थिनरला दाद देत नाही. मग हीट गन. थर फुगतो, पत्री त्याच्याखाली शिरते, आणि काचेसारखा टवका सुटून येतो. हे बघत बसावंसं वाटतं, म्हणून आम्ही ते जरा लांबवलंय. हीट गन एका जागी रेंगाळली तर खालचं लाकूड करपतं. धडाच्या वरच्या शिंगासारख्या टोकाजवळ काळा डाग दिसतोय तिथे ती पुतण्याच्या हातात होती.

रंगाखालून निघालं ते एकसंध लाकूड नव्हतं. चार तुकडे जोडलेले, प्रत्येकाच्या रेषा वेगळ्या दिशेला. पारदर्शक पॉलिश देऊन लाकूड दाखवायची हौस कुणाला असलीच, तर ती इथे मिटली. झाकणारा रंगच हवा.

(घासकाम. हाताचा जवळून शॉट.)

८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १२०, १८०, ३२०. पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळलेला, कारण नुसत्या बोटांनी घासलं की बोटांखाली खळगे पडतात. मध्ये एकदा ओल्या फडक्यानं लाकूड पुसलं. पाणी लागलं की लाकडाचे दबलेले केस उभे राहतात, ते वाळल्यावर पुन्हा घासून काढायचे. खड्ड्यांत लांबी भरली.

इथे मामा डोळे मिटतात. तळवा लाकडावरून फिरतो, थांबतो, थोडा मागे येतो. पेन्सिल मागतात, एक गोल काढतात. आमच्या कॅमेऱ्याला त्या गोलात काहीही दिसलं नाही. असे सात गोल झाले.

त्यावर सरफेसर, म्हणजे रंगाआधीचा राखाडी थर. सरफेसरवर काळ्या रंगाचा अगदी विरळ फवारा, आणि तो लगेच घासून काढायचा. पहिल्यांदा बघणाऱ्याला हा वेडेपणा वाटेल. पण घासल्यावर काळं जिथे शिल्लक राहतं, तिथे खळगा आहे. गाडीच्या दारावर मामा हेच करतात.

(जुन्या मोटारींची छायाचित्रं.)

मामांच्या तोंडी दिवसातून वीसदा एक शब्द येतो: ड्युको. फर्निचर रंगवणारे कारागीरही तोच वापरतात. हे अमेरिकेतल्या ड्यूपॉन्ट कंपनीच्या नायट्रोसेल्युलोज लॅकरचं व्यापारी नाव. १९२० च्या दशकात हा रंग जनरल मोटर्सच्या गाड्यांवर आला. त्याआधी एक मोटार रंगवून वाळायला आठवडे लागायचे, ते काम काही दिवसांवर आलं. आणि नायट्रोसेल्युलोज कशाचं? कापसाच्या आखूड तंतूंवर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून ते बनवता येतं. सुट्टीचा वार धरून आम्ही सुताच्या ज्या तंतूंना गच्चीपासून दूर ठेवत होतो, त्यांचेच हे भाऊबंद.

कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमध्ये लिओ फेंडर यांनी १९५० च्या सुमारास सपाट लाकडाच्या इलेक्ट्रिक गिटारी बाजारात आणल्या. १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर आली. काकांची गिटार त्याच आकाराची नक्कल आहे. या गिटारींसाठी फेंडर यांनी वेगळा रंग शोधत बसण्याऐवजी मोटारींचाच घेतला. ५ टक्के जादा मोजले की गिऱ्हाइकाला पसंतीचा ड्यूपॉन्टचा रंग मिळायचा. त्यांचा गाजलेला फिएस्टा रेड हा फोर्डच्या थंडरबर्ड मोटारीचा. लेक प्लॅसिड ब्लू कॅडिलॅकचा. त्या काळच्या त्या गिटारी आज लाखो रुपयांना जातात, मोटारीच्या रंगासकट.

हे एवढं सांगितलं त्याला कारण आहे. पुतण्यानं आधी पुण्यातल्या एका दुकानात चौकशी केली होती. "काहीही करा, पण गाड्या रंगवणाऱ्याकडे नेऊ नका," असा सल्ला त्याला मिळाला. दुकानाचं नाव घेत नाही.

नायट्रो रंगानं लाकूड 'श्वास घेतं' आणि आवाज सुधारतो, असं मानणारे वादक पुष्कळ आहेत. इलेक्ट्रिक गिटारमध्ये पिकअपच्या चुंबकावर पोलादी तार थरथरते, त्यातून आवाज येतो. रंगाचा श्वास मला तरी कधी ऐकू आलेला नाही.

(सोलापूर बसस्थानक. दुपार.)

एसटीचा लाल म्हणजे नक्की कोणता? फोनवरचा फोटो रंगाच्या दुकानदारानं बाजूला सारला. म्हणून मामा शेडकार्ड घेऊन स्टँडवर. उभ्या गाड्यांत दोन गाड्यांचा लाल जुळेना. ऊन प्रत्येकीला वेगळं लागलेलं. शेवटी त्यांनी एका गाडीची डिकी उघडायला लावली आणि दाराच्या आतल्या कडेला, जिथे ऊन पोचत नाही तिथे, कार्ड धरलं. कंडक्टरनं विचारलं, "इन्शुरन्सचं काम आहे का?" मामा म्हणाले, "नाही, गिटारचं." तो पुढे काही बोलला नाही.

दुकानात काट्यावर ग्रॅमनं मोजून रंग झाला. लालात काळ्याचे दोन थेंब. ते कशाला, तर मामांनी फक्त डबा पुढे केला: थेंबांआधीचा लाल आणि नंतरचा लाल. चित्रात बघा.

(पुन्हा गच्ची.)

आता पहाटेचं कारण. उन्हात मारलं तर थिनर हवेतच उडून जातो, थेंब पोचेपर्यंत सुकतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. पावसाळ्यात उलटं: हवेतली ओल लॅकरात अडकते आणि रंगावर पांढुरकी झाक येते. सोलापूरच्या एप्रिलला पहिली अडचण भरपूर आणि दुसरी अजिबात नाही. म्हणून उशिरा उडणारं थिनर, आणि सूर्य उगवायच्या आत काम.

पहिला हात धुक्यासारखा. सरफेसरची राख दिसत राहते, ती दिसू द्यायची. वीस मिनिटांनी दुसरा. तिसरा ओला, भरलेला, जेमतेम ओघळणार नाही इतका. पुतण्या म्हणतो, "मामा, अजून एक?" मामा पूर्वेकडे बघतात. ऊन कठड्यावर आलंय. गन खाली.

पुढच्या दोन पहाटे लॅकरचे आठ पातळ हात झाले. दुसऱ्या पहाटे कॅमेरा नव्हता.

मामा तोंडाला टॉवेल बांधतात, थिनरच्या वाफेला तो अडवत नाही. आणि गॅरेजमधल्या हार्डनरच्या रंगात आयसोसायनेट नावाचं रसायन असतं, त्यानं दमा जडू शकतो, तिथेही टॉवेलच. काही ठिकाणी खोकला ऐकू येतो तो त्यांचाच.

(भिंतीवर टांगलेलं लाल धड. पंखा.)

एक महिना. लॅकर वरून वाळलं तरी आतून आक्रसत राहतं. घाई केली तर आज चकचकीत झालेल्या रंगात पुढच्या महिन्यात लाकडाच्या रेषा उमटतात.

मग वॉटर पेपर, साबणाच्या पाण्यात भिजवलेला. १०००, १५००, २०००. सगळी चमक जाते, गिटार दुधी दिसू लागते, आणि घरातली माणसं हळहळतात. खालच्या कडेला पुतण्याचा हात जरा जास्त चालला: तिळाएवढी राखाडी जागा उघडी पडली. कडेवर रंग पातळच बसतो, तिथे घासायचंच नसतं. मामांनी बारीक ब्रशनं ठिपका दिला, आठवडाभर थांबायला लावलं, आणि त्या आठवड्यात पुतण्याशी फार बोलले नाहीत. शेवटी घासून चमक आणणारं कंपाउंड, आणि ते चोळायला सुती धाग्यांचं वेस्ट.

जोडताना मान खाचेत बसेना. खाचेला टेप लावली होती, तरी कडेनं लॅकर आत शिरलं होतं. ब्लेडनं खरवडून काढलं. अर्थिंगची वायर आधी विसरली आणि ॲम्प्लिफायर माशीसारखा गुणगुणत राहिला. फोटो उघडला, डाग दिला, गुणगुण थांबली.

(काका. गिटार मांडीवर. निवेदन नाही. ४० सेकंद.)

(मामा आत येतात.)

मामांना आवाजाशी घेणंदेणं नाही. त्यांनी काकांच्या हातातून गिटार घेतली आणि छताच्या ट्यूबलाइटखाली आडवी धरली. गाडीचं दार तपासतात तशी. लाल रंगात ट्यूबची पांढरी रेघ उमटलीय. ते गिटार हळूहळू कलती करतात, रेघ सरकत जाते, सरळ, सरळ, आणि खालच्या शिंगाजवळ एका जागी किंचित हलते.

तिथे त्यांनी अंगठा ठेवलाय.

"हे राहिलंय बे," ते म्हणतात. "रविवारी घेऊन ये."