लॅप्सली स्ट्रीटवरचं घर

अमेरिकेच्या अलाबामा राज्यातलं सेल्मा. इथल्या लॅप्सली स्ट्रीटवर १९१२ साली बांधलेलं एक लाकडी घर होतं. दंतवैद्य सलिव्हन जॅक्सन आणि त्यांच्या शिक्षिका पत्नी रिची जीन यांचं. १९६५ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग इथे मुक्कामाला असत. कृष्णवर्णीयांच्या मतदान हक्कासाठी निघालेल्या सेल्मा ते माँटगोमेरी मोर्चाची बरीचशी आखणी याच घरात झाली. १५ मार्चच्या रात्री राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी मतदान हक्काचा कायदा मागितला. ते भाषण किंग यांनी इथल्या एका खुर्चीत बसून टीव्हीवर ऐकलं.

खुर्ची घरच्यांनी जपली. सबंध घर जपणं मात्र महाकठीण.

अलाबामाची हवा दमट. लाकडात २० टक्क्यांच्या वर ओल मुरून राहिली की बुरशी धरते, आणि ओलसर लाकूड वाळवीलाही आयतंच सापडतं. रंगाचे पापुद्रे सुटले म्हणून नुसता नवा हात मारून भागत नाही. आधी पाणी कुठून येतंय ते शोधायचं. पन्हळ, छपराचा सांधा, खिडकीची चौकट. जुना रंग कोरडा घासायचा तर मुळीच नाही. अमेरिकेत १९७८ पर्यंत घरांच्या रंगात शिसं चालत असे, घासलं की विषारी धूळ घरभर होते. भिंत ओली करून खरवडायची. फळी कुजली असेल तर तेवढाच तुकडा कापून त्याच जातीचं लाकूड सांधायचं.

आणि पैसा? जुन्या वास्तूंच्या डागडुजीवरची २० टक्के केंद्रीय करसवलत उत्पन्न देणाऱ्या इमारतींनाच मिळते, मालक स्वतः राहतो त्या घराला नाही. राष्ट्रीय उद्यानं आणि ऐतिहासिक वास्तू सांभाळणाऱ्या नॅशनल पार्क सर्व्हिस या केंद्रीय यंत्रणेचं नागरी हक्क चळवळीच्या वास्तूंसाठीचं अनुदान सरकारी यंत्रणांना आणि ना-नफा संस्थांना मिळतं; खासगी मालकाला थेट छदामही नाही. म्हणजे कुटुंबानं आधी संस्था काढायची, विश्वस्त नेमायचे, हिशेब ठेवायचे, आणि तोवर छप्पर गळतच राहणार.

जॅक्सन यांच्या मुलीनं वेगळी वाट धरली. मिशिगनमधल्या डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड संग्रहालयानं ते घर, आतल्या सामानासकट, घेतलं आणि सुटं करून सुमारे १,३०० किलोमीटरवर नेलं. अशा कामात खिळा उपटण्याआधी प्रत्येक खोलीचं मोजमाप, छायाचित्रं आणि फळीफळीवर क्रमांक लागतो. क्रमांक चुकला तर जोडणी अडते.

घर टिकलं, शेजार मात्र सुटला. मोर्चा जिथून निघाला ते ब्राउन चॅपल चर्च आणि ज्यावरून गेला तो एडमंड पेटस पूल सेल्मातच आहेत. स्थलांतराची ही किंमत कागदावरही दिसते: आधी मंजुरी न घेता हलवलेली वास्तू ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदीतून वगळली जाते.