वांग्याचा काळा रंग

तैलचित्रासाठी टेबलावर एक वांगं, दोन टोमॅटो आणि पालेभाजीची जुडी. उजेड एकाच खिडकीतून, डावीकडून. दिवे बंद. दोन बाजूंनी उजेड आला की सावल्या एकमेकींना पुसून टाकतात आणि भाजीची गोलाई हरवते.

कॅनव्हासवर पहिला हात बर्न्ट अंबरचा, म्हणजे गडद तपकिरी रंगाचा, टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला. रंगांचा विचार अजून नाही. उजेड कुठे आणि अंधार कुठे, एवढंच. डोळे किलकिले केले की बारकावे गळून पडतात, मोठे आकार उरतात. माझ्या मते हुबेहूबपणाचा निकाल इथेच लागतो. हा अंदाज चुकला, तर पुढे कितीही शिरा नि देठ कोरा, भाजी चपटीच दिसणार.

रंग भरायला घेतले की आधी पालेभाजी. पानं लवकर मान टाकतात, वांगं थांबतं.

आता ते वांगं. हात सवयीने काळ्या ट्यूबकडे जातो. पण नुसता काळा लावला, तर तिथे कॅनव्हासला भोक पडल्यासारखं वाटतं. अल्ट्रामरीन निळा, बर्न्ट अंबर आणि किंचित अलिझरिन क्रिमसन (गडद लाल) एकत्र केले की अंधारालाही जांभळी झाक येते. वरची चकाकी पांढरी वाटते ना? जवळून पाहा. ती निळसर आहे, कारण खिडकीबाहेर आभाळ आहे. तिचा आकारही खिडकीचाच, फक्त वांग्याच्या पोटावरून वाकलेला. आणि खाली, सावलीच्या कडेला, टेबलावरून परतलेला मंद उजेड. तो जरासा जास्त झाला, तरी सावली फुटते.

स्पेनच्या हुआन सांचेझ कोतान यांनी १६०२च्या सुमारास असंच एक चित्र रंगवलं. दोरीला टांगलेला कोबी, मागे काळोख, आणि कठड्याबाहेर डोकावणारी काकडी. तिचं टोक आपल्या अंगावर येतं, ते तिच्या सावलीमुळे. चारशे वर्षांनंतरही त्या काकडीला हात लावावासा वाटतो!

जलरंगातलं पाणी उडून जातं. तैलरंगाचं तसं नाही. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेत घेत घट्ट होतं, त्याला दिवस लागतात. तेवढ्या वेळात कडा हळुवार मिसळता येतात. मात्र खालच्या थरात तेल कमी, वरच्यात जास्त, हा क्रम मोडायचा नाही. नाहीतर पुढे तडे जातात.

चकाकी सर्वांत शेवटी. जाड रंग, एकच फटकारा, पुन्हा हात नाही. वॉर्निशची घाई नको; रंग आतपर्यंत वाळायला काही महिने लागतात.