सोलरचा रेट आणि संध्याकाळची वीज

मंडळी, सोलर इतकी स्वस्त झाली की कोळसा हरला, असं हल्ली ऐकू येतं, ते खरं का ते बघू. सुरुवात आपल्या कोकणातल्या दाभोळच्या वीज प्रकल्पापासून करतो. 1999 मध्ये एन्रॉन या अमेरिकन कंपनीच्या या प्रकल्पाचा पहिला टप्पा सुरू झाला, इंधन नाफ्था म्हणजे खनिज तेलातून निघणारं इंधन, त्याचा भाव डॉलरमध्ये, आणि वीज घेणारं गिऱ्हाईक एकच, आपलं वीज मंडळ. पुढच्या वर्षी तेल भडकलं, रुपया घसरला आणि काही महिन्यांचा दर युनिटला सात रुपयांच्या वर गेला, शिवाय वीज घ्या किंवा नका घेऊ, स्थिर आकार भरायचाच. मे 2001 मध्ये मंडळाने वीज घेणं बंद केलं. राजकारणावर आपण भरपूर बोललो, पण सही करताना इंधनाचा पुढचा भाव कुणालाच माहीत नव्हता हे फार थोडे लोक बोलतात.

आता सोलर बघा. 2010 च्या शेवटी केंद्राच्या राष्ट्रीय सौर मिशनच्या पहिल्या टेंडरमध्ये सगळ्यात कमी बोली होती युनिटला 10 रुपये 95 पैसे. मे 2017 मध्ये राजस्थानातल्या भडल्याला 2 रुपये 44 पैसे आणि डिसेंबर 2020 मध्ये गुजरातेत 1 रुपया 99 पैसे! कारणं काय, तर पॅनलमधले सिलिकॉनचे काप पातळ झाले, चांदी कमी लागायला लागली, चीनमध्ये प्रचंड कारखाने उभे राहिले आणि इकडे कर्जाचं व्याज उतरलं. व्याजाचं नीट लक्षात घ्या हं, सोलरमध्ये जवळपास सगळा पैसा पहिल्याच दिवशी घालायचा असतो त्यामुळे व्याज एखाद टक्का हललं तरी युनिटचा रेट हलतो. नंतर एप्रिल 2022 पासून बाहेरच्या पॅनलवर 40 टक्के ड्युटी लागली आणि रेट परत अडीच रुपयांच्या आसपास आला, पण जो ठरला तो पंचवीस वर्षं तोच, दाभोळसारखा इंधनाच्या भावाबरोबर हलत नाही.

कोळशाचं गणित जागेवर ठरतं. चंद्रपूरला खाणी जवळ, लांबच्या प्लांटला रेल्वेचं भाडंच केवढं. जुन्या प्लांटचं कर्ज फिटलेलं असेल तर त्याची वीज आजही परवडते, हे मान्यच करायला पाहिजे. पण पाणी? 2015 च्या दुष्काळात परळीचं केंद्र पाण्यावाचून बंद ठेवावं लागलं, हा खर्च कुठल्या युनिटच्या रेटमध्ये धरलाय सांगा.

राहिली संध्याकाळ. सात वाजता घराघरात दिवे, टीव्ही, एसी चालू आणि सोलर शून्य. त्यामुळे अडीच रुपये हा दुपारचा रेट आहे, नुसता तो दाखवून कोळसा हरला म्हणणं मला पटत नाही. साठवण लागतेच. सह्याद्रीतल्या घाटघरच्या प्रकल्पात आपण ती केव्हाच केलीये, 250 मेगावॅट, वीज जास्त असली की पाणी वरच्या धरणात चढवायचं आणि मागणी वाढली की खाली चोंढे गावाच्या बाजूच्या धरणात सोडून वीज काढायची. आणि बॅटरी? 2022 च्या टेंडरमध्ये एका मेगावॅटला महिन्याचं भाडं पावणेअकरा लाखांच्या आसपास होतं, मार्च 2024 मध्ये गुजरातेत ते साडेचार लाखांवर आलं.

शेतीपंपाला तर साठवणही नको. बिबट्याच्या, सापाच्या भीतीत रात्री बारा वाजता मोटर चालू करायला जायचं ते फक्त मोटरला लागणारी थ्री फेज वीज तेव्हा येते म्हणून, पिकाला दुपारचं पाणीही चालतं. राज्याच्या सौर कृषी वाहिनी योजनेत ही दिवसाची वीज युनिटला तीन रुपयांच्या आसपास मिळतेय, तेव्हा बाकी वाद चालू देत, पण गावोगावचे शेतीचे फीडर, म्हणजे पंपांना वीज नेणाऱ्या लाइनी, आधी दिवसावर आणा.