कोपऱ्यातली किक

नमस्कार मंडळी. माइक जरा खाली घेते. उंचीनं मी शेवटपर्यंत खो-खोवालीच राहिले.

एमिली स्कॅरॅटवर बोलणार म्हटल्यावर शेजारच्या काकूंनी विचारलंच, "दांडिया बाजारात रग्बी कोण बघतंय गं?" काकू, 1923 साली हुतूतूचे नियम बांधले ते आपल्याच हिंदविजय जिमखान्यानं. पळत्या माणसाला कवेत घेऊन लोळवणं बडोद्याला नवं नाही. इथे फक्त जोडीला चेंडू असतो, आणि तो हातानं पुढे फेकायचा नाही, बाजूला किंवा मागेच द्यायचा.

स्कॅरॅट इंग्लंडची सेंटर, म्हणजे मागच्या फळीत मधोमध खेळणारी. 119 सामने, 754 गुण. तिथल्या दुसऱ्या कुठल्याच बाईचे इतके गुण नाहीत. त्यातले ढीगभर लाथेनं आलेले. ती लाथ तेवढी समजून घ्या. समोरच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवला की ट्राय, 5 गुण. मग गोलखांबांमधून किक मारून आणखी 2. पण चेंडू जिथे टेकला त्याच्या सरळ रेषेतूनच मारायची. समजा, ह्या पडद्याचे दोन बांबू म्हणजे गोलखांब. ट्राय मधोमध झाला, तर किक पोरसुद्धा मारेल. तिकडे पाण्याच्या पिंपापाशी, अगदी कोपऱ्यात झाला, की तिथून दोन्ही बांबू जवळजवळ एकच दिसतात. बघा मान वळवून.

2022 च्या विश्वचषकाची अंतिम लढत, ऑकलंडचं ईडन पार्क. लागोपाठ 30 सामने जिंकून आलेला इंग्लंड, त्यातली एक खेळाडू अठराव्या मिनिटाला लाल कार्ड घेऊन बाहेर. तरी सामनाभरात इंग्लंडनं पाच ट्राय केले. पाच पंचे पंचवीस. किका लागल्या तीन, म्हणजे 31. न्यूझीलंडचे 34. हुकलेल्या दोन किकांचे गुण चार, आणि हार तीन गुणांनी. किकर होती स्कॅरॅट. हिशेब कुणीही मांडावा, पण लाल कार्डाची चूक तिच्या पायात शोधू नये, असं माझं मत.

त्याच पायानं त्याच्या आठ वर्षं आधी, 2014 ला, पॅरिसमध्ये कॅनडाविरुद्ध विश्वचषक जिंकून दिला होता. 21-9, त्यातले 16 तिचे. आणि तेव्हा ह्या मुली खेळत होत्या नोकऱ्या सांभाळून. ही स्वतः शाळेत खेळ शिकवायची. अठराव्या वर्षी, 2008 ला, इंग्लंडकडून उतरली, तेव्हा पगार हा शब्दच नव्हता. चषकानंतर वीसजणींना करार मिळाले, ते सातजणींच्या रग्बीसाठी, रिओ ऑलिंपिक डोळ्यांपुढे ठेवून. रिओत ती ग्रेट ब्रिटनची कर्णधार होती; संघ चौथा आला. पंधराजणींच्या खेळाचे करार 2017 च्या विश्वचषकानंतर पुढे चालवलेच नाहीत. पूर्ण वेळचे 28 करार झाले थेट 2019 च्या जानेवारीत. पहिल्या सामन्यापासून मोजा किती वर्षं ते.

मी बोटांवर मोजते, कारण माझा खो-खो रजेच्या अर्जावर संपला. साहेब म्हणाले, "पोरंबाळं झाल्यावर कसली स्पर्धा?" अर्ज परत आला, त्यावर चहाचा गोल डाग होता. मीही भांडले नाही, हेही सांगायला हवं.

पुढे तिच्या मानेवर शस्त्रक्रिया झाली. मान! ज्या खेळात दर दोन मिनिटांनी कुणीतरी अंगावर कोसळतं, त्यात! तरी 2024 ला परतली. 2025 ला पाचवा विश्वचषक, तोवर इंग्लंडच्या कुठल्याही पुरुषाला किंवा बाईला न जमलेला. संडरलँडला अमेरिकेविरुद्ध बदली म्हणून आली. लंडनच्या ट्विकनहॅम मैदानावरच्या अंतिम सामन्याला 81,885 माणसं आली, तेव्हा पंधराजणी आणि आठ बदली अशा तेवीसजणींत तिचं नाव नव्हतं. इंग्लंडनं कॅनडाला 33-13 हरवलं. ऑक्टोबरात तिनं निवृत्ती जाहीर केली.

आपल्या मुलीही खेळतात बरं. 2019 ला मनिलात सिंगापूरला 21-19 हरवलं, पंधराजणींच्या खेळातला भारतीय महिलांचा पहिला विजय. शेवटच्या मिनिटांतली पेनल्टी मारली ओडिशाच्या सुमित्रा नायकनं. आणि कर्णधार पुण्याची, वाहबिज भरुचा, पेशानं फिजिओथेरपिस्ट. म्हणजे पुन्हा नोकरी आलीच.

हा चेंडू आणलाय, हातात घेऊन बघा. लांबोळका आहे, निसटतो. पहिल्या रांगेपासून सुरू करा. काकू, पुढे नाही, मागे द्या.